बिनतेलाची खेकडा भजी

नवरा कसा होता, असं राहीबाईला कुणी विचारलं की ती म्हणायची, "कसा म्हंजी? मिल्ट्रीत हुतं." एवढं बोलून ती चहा ठेवायला आत जायची. तिच्या मते त्यात सगळं आलं. वर्षातले दोन महिने मानसिंग घरी, बाकीचं वर्ष कुठंतरी बर्फात नाहीतर वाळूत. पोरगं बापाला बघितलं की आईच्या पदराआड लपायचं. असल्या माणसाशी ओळख तरी कधी व्हायची? राहीबाईची झाली ती भज्यांवरून. हसू नका, खरंच भज्यांवरून.

ती मूळची आटपाडीकडची. तिच्या लहानपणी तिकडं प्यायच्या पाण्याचीच मारामार, तिथं तेलाची काय कथा! कढई चढायची ती दिवाळीला, नाहीतर कुणाचं लग्न निघालं तर. लग्न होऊन ती पलूसजवळच्या ह्या कृष्णाकाठच्या गावात आली, तर इथं चहूबाजूंनी ऊस, आणि सासू बनाबाई अशी की दारात पाहुणा दिसला की हिची कढई चुलीवर. "आटपाडीच्या पोरीला तळण काय ठावं!" हे सासूचं पालुपद. मानसिंग लग्नानंतरच्या पहिल्या रजेवर आला आणि ट्रंक खाली ठेवायच्या आत म्हणाला, "आई, खेकडा भजी कर." सासूनं मुद्दाम सुनेला पुढं केलं. फजिती व्हायची ती झालीच. भजी बाहेरनं काळी आणि आतनं कच्चा गचका. मानसिंगनं एक घास घेतला आणि ताटली पुढं सारली.

"हे भजं न्हाई. ही पेंड हाय."

असा रोखठोक माणूस. नको म्हणजे नको. ताटली सारायचा, रुसायचा, उपाशी उठायचा, पण खोटं गोड बोलायचा नाही. राहीबाई परड्यात जाऊन रड रड रडली आणि मग पदर खोचून शिकली. कांदा उभा आणि बारीक चिरायचा. मीठ आणि चटणी चोळून झाकून ठेवायचा. त्याला त्याचंच पाणी सुटलं की त्या ओलीवर बसेल एवढंच डाळीचं पीठ घालायचं, वरनं पाण्याचा थेंब नाही. ओवा तळहातावर चुरडायचा. आणि सोडताना मूठ वळायची नाही, बोटं पसरून सोडायचं, म्हणजे खेकड्याच्या नांग्यांगत कांद्याचे पाय चौफेर उभे राहतात. मनगटावर तेल उडून डाग पडले, ते पडले. पुढच्या रजेला मानसिंगनं एक भजं तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "जमली."

एवढा एकच शब्द. बाईनं त्यावर पुढचं वर्ष काढलं. आणि पुढची सगळी वर्षं तशीच काढली म्हटलं तरी चालेल. रजेची पहिली संध्याकाळ, अंगणात गावातली माणसं, मध्ये मानसिंग, आत राहीबाई कढईपुढं घामाघूम. सगळ्यांचं खाऊन झालं की तळाशी राहिलेला चुरा ती भाकरीबरोबर खायची. तुम्ही म्हणाल, ह्यात कसलं सुख? मग तुम्हाला तिचं घर समजलेलंच नाही.

मानसिंग पेन्शनीत आला, काही वर्षं सांगलीत एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला आणि एक दिवस छाती धरून तिथंच खाली बसला. स्टेंट टाकली. डॉक्टरनं तेल बंद केलं, तूप बंद केलं, आणि जाता जाता राहीबाईकडं बोट करून म्हणाला, "आता ह्यांचा जीव तुमच्या हातात आहे." डॉक्टर लोक बोलून मोकळे होतात हो. ते पुढच्या पेशंटकडं गेले आणि ही बाई ते वाक्य उरात घेऊन घरी आली. आल्या आल्या तिनं कढई माळ्यावर टाकली.

पुण्याला असलेल्या पोरानं, राजवर्धननं, त्या दिवाळीला एअर फ्रायर आणला. त्याची बायको साक्षी पोरगी गुणाची. सासूला आत्या म्हणते, सासऱ्याला मामा म्हणायची. तिनं हाताला धरून सगळं शिकवलं. "आत्या, पीठ तुमचंच, कांदा तुमचाच. फक्त जाळीत मोकळी मोकळी ठेवायची, वरनं तेलाचं बोट फिरवायचं, मध्ये एकदा उलटायची. बास." यंत्र घुमायला लागलं तसा मानसिंग बाहेरून ओरडला, "आलं का हेलिकॉप्टर?" सगळे हसले. भजी निघाली ती दिसायला झकास. तांबूस, पाय पसरलेली, दाताखाली कुरुम कुरुम वाजणारी. मानसिंगनं एक खाल्लं आणि बराच वेळ चावत बसला.

"कुरकुरीत झाल्यात की न्हाई?" राहीबाईनं विचारलं.

"कुरकुरीत तर पापडबी असतोय. ह्यात भजं कुठं हाय?"

आणि तिथनं घरात लढाई जुंपली. मानसिंग ताटली सारायचा. राहीबाई परत पुढं करायची. तो म्हणायचा, रोज कोण मागतंय, महिन्यातनं एकदा कढई ठेव. ती म्हणायची, डॉक्टरची ऑर्डर हाय. मिल्ट्रीतल्या माणसाला ऑर्डरपुढं बोलता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक. एकदा त्यानं आख्खी ताटली म्हशीपुढं नेऊन ठेवली. म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं, तर हा पठ्ठ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "बघ, जनावरालाबी कळतंय!" राहीबाई चिडली, पण चिडता चिडता हसलीसुद्धा. भांडणात माणूस जिवंत असतो, हे तिला तेव्हा कोण सांगणार?

मग तो नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांनी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो, म्हणून मानसिंग सकाळीच पलूसला गेला. मागनं राहीबाई बाजाराला म्हणून वडापच्या जीपमधनं पलूसला उतरली आणि बघते तर काय, स्टँडसमोर बशीरच्या गाड्यावर हा उभा! हातात पेपर, पेपरवर वाफाळती खेकडा भजी, आणि डोळे मिटलेले. ते मिटलेले डोळे बघितले आणि बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता हे डॉक्टरच्या वाक्यामुळं की दुसऱ्याच्या हातच्या भज्याला डोळे मिटले म्हणून, ते तिचं तिलाच माहीत. तिनं पेपर हिसकावला आणि तिथल्या कुत्र्यापुढं टाकला.

"मरायचं हाय व्हय? मग बँकेत कशाला गेलासा जित्ता हाय म्हणून सांगायला?"

स्टँडवरची माणसं बघायला लागली. बशीर झारा हातात धरून म्हणाला, "वहिनी, दोन-चारच दिली हो. सुभेदार लय दिवसांनी आलं..."

"तू गप! माणसं मारायचा धंदा मांडलायस!"

सुभेदार मानसिंगनं, ज्याच्या हाताखाली कधीकाळी शेकडो जवान होते, त्यानं रुमालानं तोंड पुसलं, रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि तो बायकोच्या मागनं गप चालत वडापात येऊन बसला. 

त्यानंतर दोन-तीन वर्षं त्यानं कढईचं नाव काढलं नाही. यंत्रातली भजी पुढं आली की खायचा. चहात साखर नसली तरी प्यायचा, भाजी अळणी असली तरी जेवायचा. "कशी झाल्यात?" म्हटलं की म्हणायचा, "बरी हाईत." साक्षीला फोनवर म्हणायचा, "छान झाल्यात पोरी तुझ्या मशिनीतली." राहीबाई चार बायकांत मिरवायची, "आमचं ह्ये आता लय सुधारल्यात." सुधारलेत म्हणे! अहो, कुठल्याच ताटलीला नको न म्हणणारा तो माणूस मानसिंग होता का? पण तिला जिंकल्यासारखं वाटत होतं आणि जिंकलेल्या माणसाला समोरचा दिसत नाही. दिसलं तेव्हा उशीर झाला होता. "काय खाणार?" असं तिनं मुद्दाम लाडानं विचारलं, तर म्हणाला, "द्याल ते." बायकोला अहोजाहो! आता एकदा कढई काढायचीच, असं तिनं ठरवलं. संक्रांतीला काढू. मग म्हणाली, पाडव्याला काढू.

पाडव्याच्या आधीच तो गेला. सकाळी उसाला पाणी सोडायला गेला, मोटर चालू केली आणि शेजारच्या दगडावर बसल्या बसल्या संपला. तेल नाही, तूप नाही, कढई नाही, आणि तरी माणूस गेला. आता कुणाला जाब विचारायचा?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात बोलणं निघालं. सकाळी राख सावडायची, नदीकाठी कावळ्याला पान ठेवायचं, त्यात मानसिंगच्या आवडीचं काय काय ठेवायचं? तंबाखू, पेढा, चहा. आणि खेकडा भजी, हे तर पोरासोरांनाही माहीत. पण दुखवट्याच्या घरात दिवसकार्य होईतोवर कढई चढवत नाहीत, तळण करत नाहीत. भावकीलाही सुतक, म्हणजे त्यांच्याही घरी तेच. तेव्हा साक्षी डोळे पुसत म्हणाली, "मी एअर फ्रायरमध्ये करते ना. ते तळण नाहीच."

मानसिंगचा धाकटा भाऊ जयराज विचारात पडला. "कढई न्हाई, तेल न्हाई. मग तळण कसलं? चालतंय की." म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही माना डोलावल्या. जी वस्तू मानसिंगला भजं वाटली नाही, ती तळण नाही म्हणूनच त्याच्या पानाला चालणार होती.

"त्यास्नी ती आवडत न्हवती," राहीबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. "काय बोलतीस वैनी?" जयराज म्हणाला. "इतकी वर्सं तू तीच घातलीस, दादानं तीच खाल्ली. सुरवातीचं सोड, मागनं कवा कुरकुर केली व्हय?"

साक्षीचा चेहरा एवढासा झाला. "मामा मला म्हणायचे, छान झाल्यात."

आता त्या पोरीपुढं काय बोलायचं? राहीबाईनं तिचे डोळे पदरानं पुसले. पण मनातनं ती हटली नव्हती. आयुष्यभर त्याला तिनं करून घातलं, आणि शेवटचं पान असं जाऊ द्यायचं? ती उठून परड्यात गेली आणि तिनं बशीरला फोन लावला. ज्याला भर स्टँडवर माणसं मारणारा म्हटलं, त्यालाच.

"बशीरभाई, मी राहीबाई."

पलीकडं झारा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बशीर म्हणाला, "बोला वहिनी."

"सकाळी तुमच्या कढईतली भजी नदीवर आणून द्याल का? त्यांच्या पानात ठेवायला."

"पहिला घाणा त्यांचाच काढतो. किती वाजता येऊ?"

राहीबाईनं विचार केला. साक्षीचं मन मोडायला नको, तिची भजी आधी पानात राहू देत. त्यांना कावळा शिवणार नाही ह्याची तिला खात्री होती. मानसिंगला ती ओळखत होती. तो रुसणार, ताटली सारणार. सासूच्या, बनाबाईच्या वेळी कावळ्यानं उन्हं डोक्यावर येईतोवर माणसं बसवून ठेवली होती, आणि हा तर त्याच आईचा लेक. माणसं ताटकळतील, मग बशीरची गरम भजी पानात पडतील आणि मग तो येईल. बाईला त्या विचारानं इतकं बरं वाटलं की विचारू नका.

"सावकाश या," ती म्हणाली. "पळत यायची गरज न्हाई."

सकाळी नदीकाठी पान ठेवलं. साक्षीनं पहाटे उठून भजी केली होती, छान तांबूस झाली होती. माणसं हात जोडून मागं सरली. राहीबाई पानाकडं बघतच नव्हती. तिची नजर रस्त्याकडं होती, बशीरची गाडी दिसते का म्हणून.

तेवढ्यात बाभळीवरनं कावळा उतरला. पेढ्याकडं बघितलं नाही, तंबाखूकडं बघितलं नाही. सरळ यंत्रातलं एक भजं चोचीत धरलं आणि उडाला. मागनं दुसरा आला, तिसरा आला.

"शिवला! शिवला!" माणसांनी सुस्कारा सोडला. जयराजनं डोळे पुसले. "दादा सुटला. कसली विच्छा ऱ्हायली न्हाई बघ." साक्षी सासूच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. "आत्या, मामांना खरंच आवडली होती."

राहीबाईनं पोरीच्या पाठीवरनं हात फिरवला. आतनं मात्र ती पेटली होती. आवं, एवढ्यात? जरा रुसायचं तरी. चार माणसांत माझी लाज काढायची, जशी मी तुमची काढली. सगळ्यांना उन्हात बसवून ठेवायचं. मला एकदा, एकदाच, तुमची समजूत काढू द्यायची होती. रडू येईना, ओरडता येईना, आणि माणसं तर समाधानानं नदीकडं हातपाय धुवायला निघालेली.

बशीर आला तेव्हा पानात चार कण उरले होते. त्यानं गाडी लावली, तेलानं डागाळलेला गरम पुडा दोन्ही हातांत धरून तो जवळ आला आणि पान बघून जागीच थांबला.

"वहिनी, मला उशीर झाला?"

"न्हाई बशीरभाई, तुमचं काय चुकलं न्हाई," राहीबाई म्हणाली. "म्होरं ठेवलेलं गप खायाची सवय मीच लावली त्यास्नी."