खरं सांगणाऱ्या नर्सबाई

"खरं सांगते बगा," असं म्हणून डोक्यावरचा पदर सारखा केल्याशिवाय आमच्या नर्सबाईंचं कुठलंच वाक्य सुरू होत नसे. चहात साखर कमी पडलीय, हेसुद्धा त्या असंच शपथेवर सांगत. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेलच.

सत्तरच्या दशकात मेढ्याजवळच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि बाई सांगलीकडून बदलून आलेल्या. डोंगरातल्या वाड्यांवर पाळणा लांबवायच्या गोळ्या त्या घरोघर पोचवत. सासवा कुरकुरत, सुना मागच्या दाराने घेत. माझं गिऱ्हाईक चुलीपाशी असतं, ओसरीवर नाही, असं त्या हसून म्हणत.

एका वाडीतल्या सुनेने गोळ्या सोडल्या आणि वर्ष उलटल्यावर तिला दिवस गेले. मुलगी झाली, पण वरचा ओठ फाटलेला. ती पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं. हिने त्या वेळी विळीवर भाजी चिरली असणार, हे सासूने ठरवूनच टाकलं. नवरा सैन्यात, लांब. पोरीसकट हिला माहेरी धाडायची तयारी झाली.

आम्ही बाळ बघायला गेलो, तेव्हा ती सासूपुढे उभी होती. बाईंकडे न बघता म्हणाली, "आत्ती, म्या कायबी चिरलं न्हाई. बाईंच्या गोळ्या खाल्ल्या व्हत्या, त्यानं झालं."

बाईंचा हात पदराकडे गेला. आता बोलतील म्हणून मी वाट बघत राहिलो. आधी घेतलेल्या गोळ्यांनी असं होत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलेलं होतं. पण तसं म्हटलं की मागे विळीच उरत होती. ग्रहणानेही काही होत नाही, हे त्या घरात कोण ऐकणार? बाई एवढंच म्हणाल्या, "पोरीला मिरजेला न्या. ओठ शिवत्यात तितं."

सून घरात राहिली, पण वाड्यावाड्यांवर बातमी गेली आणि बायकांनी गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. डॉक्टरांनी सांगून पाहिलं. लोकांना ते सरकारी बोलणं वाटलं. बाईंनी तोंड उघडावं, तर ते फिरून त्या सासूच्या कानावर जाणार. चार लेकरांची एक अशक्त बाई होती. तिच्या हातापाया पडून बाईंनी गोळ्या सुरू केल्या होत्या, तिनेही सोडल्या. पाचव्या बाळंतपणात ती बाईंच्या हातांतच गेली. मला फार राग आला होता, पण कुणावर काढावा तेच कळेना.

बाईंनी बदली मागून घेतली. एसटी स्टँडवर ती सून आली. कडेवर पोरगी, ओठावर शिवलेली रेघ.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आत्तींला खरं सांगू का आता?"

बाईंनी पदर सारखा केला. "खरं सांगते बग," म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना बोलताच आलं नाही. पोरीच्या ओठावरून बोट फिरवून त्या गाडीत चढल्या.