लोखंडी मोहाचा घोस

आमच्या बल्लारपूरच्या शेडमध्ये भंगार साठतं आणि किस्सेही साठतात. भंगार निदान विकता तरी येतं! हे सगळे किस्से मोहफुलांच्या एका लोखंडी घोसाचे. गडचिरोली रोडवरच्या एका बागेसाठी तो करायचा होता. वीस फूट उंच, एकेक फूल माणसाएवढं. शिल्पकार मी, वेल्डर मारोतीभाऊ.

*

पहिलं फूल रस्त्याकडेला उभं केलं, तर एक म्हातारे सायकलवरून उतरले. टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "नळ कवा सुरू करता बाप्पा?"

त्यांना ती पाण्याची टाकी वाटली! मारोतीभाऊ तीन दिवस हसत होते. बायको गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

*

मग बागेचे साहेब आले. "पाकळ्या जरा उघडा ना, कमळासारख्या!"

भाऊंनी तोंडावरची काच वर केली. "कमळ पाहाचं तर तलावावर जा साहेब. मोह मिटलेलाच पडते!"

साहेब चहा न घेताच गेले.

*

पुढे भाऊंनीच खुसपटं काढायला सुरुवात केली. फूल तयार झालं की म्हणायचे, "तोंड मोठं झालं, कापा." एकच फूल तीनदा कापलं! मी वैतागलो. "भाऊ, तुमच्या मनातलं फूल हाये तरी कसं?"

"आमची सुमन वेचे, तसं."

मोहाच्या दिवसांत दोघं नवराबायको झाडाखालची जागा आधी लख्ख झाडून ठेवायचे. मग पहाटे दोन टोपल्या घेऊन वेचायला बसायचे.

*

डेडलाइन उलटून गेली. "भाऊ, आता काम संपवू अन् घरी जा," मी म्हटलं.

"घरी जाऊन का करू? भिंतीसंग बोलू?"

खरं सांगतो, माझ्याही घरी भिंतीच आहेत. दुसऱ्या दिवशी तेच फूल मी स्वतःच चौथ्यांदा कापलं!

*

शेवटी घोस बागेत उभा राहिला. भाऊ त्यांच्या गावी गेले. शेडमध्ये मी एकटा उरलो. फोन केला तर ते उचलायचे नाहीत.

चैत्रात मोह पडायला लागला, तेव्हा एका पहाटे मी गाडी काढून बागेत गेलो. घोसाखालची जागा लख्ख झाडलेली होती. भाऊ तिथे उकिडवे बसले होते. शेजारी दोन रिकाम्या टोपल्या.

"काऊन भाऊ, इथी?"

त्यांनी दुसरी टोपली माझ्याकडे सरकवली. "बस. पडाचा टाइम झाला."