माळ मोजला आणि माळ गेला

आमच्या गावातली एकमेव मोकळी जागा मी एका टेपने संपवली.

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. त्यात शिकले काय, तर शहरातले रस्ते, चौक, बागा कशा असाव्यात ते. पोलादपूरहून कुडपणकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात यातलं काहीच नाही. (चौक आहे, पण तो म्हशीच्या ताब्यात आहे.) पुण्याच्या एका ऑफिसने मुलाखतीला बोलावताना सांगितलं, "तुमच्या भागातली एखादी मोकळी सार्वजनिक जागा मोजा. लोक ती कशी वापरतात ते नकाशात आणि फोटोंत दाखवा." मुलाखत सोमवारी. नोकरी हुकली, तर आईने हेरून ठेवलेला महाडचा मुलगा तयारच होता!

शनिवारी देवळापुढच्या माळावर उतरले. माळ गावकीचा, म्हणजे सगळ्यांचा. लोक जिथे बसतात तिथे चुन्याच्या फक्कीने गोल आखले. फोटो उद्या, माणसं जमल्यावर काढायचे. पण हायवे रुंद झाल्यापासून आमच्याकडे पांढऱ्या रेघेचा अर्थ एकच: जागा जाणार! आणि जागा जाणार म्हटलं की आधी झाड लावायचं, पत्रे ठोकायचे. भरपाई झाडाची वेगळी, शेडची वेगळी.

थोरले चुलते, तात्या, आधी लांबून बघत होते. मग जवळ आले.

"काय मोजतेस गो?"

"माळ. लोक कुठं बसतात ते बघतेय."

"त्ये बघायला पुण्यात शिकलीस? आमाला इचारतीस तर फुकट सांगितलं असतं."

"शहरात जागा कशी असावी, त्याचा अभ्यास असतो तात्या."

"म्हंजे शहर हितं येतंय!"

"काही येत नाय हो! काहीसुद्धा होणार नाय!"

तात्यांचे डोळे बारीक झाले. "मोजणीवालं सायेबपन असंच म्हनले व्हते."

संध्याकाळपर्यंत बातमी मुंबईला पोचली. चुलतभावाचा फोन आला. "दीदी, अंदर की बात सांग ना. हायवे हाय का रिसॉर्ट?" यातलं काहीच नाही, अशी मी शपथ घेतली. तो म्हणाला, "समजलो. बोलू नको. पण माझ्या वाटणीचा एक आंबा लावून ठेव."

काकीने तर मला गरमागरम घावणे आणून दिले. काकीने मला आजवर गरम पाणीसुद्धा विचारलं नव्हतं!

रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन माळावर गेले आणि मटकन खालीच बसले असते, पण बसायला जागा नव्हती. तात्यांची पत्र्याची शेड उभी. काकीच्या शेळ्या आत. पलीकडे कुणीतरी 'हॉटेल लवकरच सुरू' अशी पाटी ठोकलेली. बाकी सगळीकडे आंब्याची कलमं! माझ्या प्रत्येक गोलात बरोबर मधोमध एक. आणि त्यातल्या एका कलमाशी कुदळ घेऊन कोण? तर माझे वडील! मागे बादली घेऊन आई.

"बाबा, तुम्हीसुद्धा? कालच सांगितलं ना तुम्हाला सगळं?"

"अगो, तुझ्यावर इश्वास हाय. तुझ्या सायबावर नाय."

"कुठला साहेब? मला अजून नोकरीच लागली नाय!"

"मग तुला तरी काय म्हाईत असनार?" आई म्हणाली आणि पाणी ओतलं.

मी देवळाच्या पायरीवर उभी राहून ओरडून सांगितलं की रस्ता नाही, रिसॉर्ट नाही, काही नाही. लोक एकमेकांकडे बघून हसले आणि आणखी खड्डे खणायला लागले. शेवटी पोलीसपाटलांनी माळ मोकळा करायला गावकीची बैठक बोलावली. ती रद्द झाली. बैठक नेहमी माळावरच होते!

सोमवारी पुण्यात मॅडमनी एका हातात नकाशा धरला, दुसऱ्या हातात फोटो.

"नकाशात तर सगळं मैदान आहे. फोटोत वस्ती दिसतेय. मध्ये किती वर्षं गेली?"

"एक रात्र, मॅडम."

त्यांनी चष्मा काढला. मग मी सगळं खरं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की शिपाई पाणी घेऊन आला.

नोकरी मिळाली! अभिमानाने सांगते, ऑफिसातले सगळे नकाशे आता मीच काढते. फक्त मी कुठलीही जागा प्रत्यक्ष बघायला निघाले की मॅडम स्वतः उठून दाराला आतून कडी लावतात.