दुसऱ्या रिंगची जागा

उंचीचं कारण मला कोणी सांगू नये. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या जिन्यात एक शेजारी भेटले. त्यांच्या पुतणीला अकरावीला प्रवेश घ्यायचा आहे आणि ती बास्केटबॉल खेळते. ते म्हणाले, "तुमचं कॉलेज खेळात मागेच राहिलं. नदीपलीकडच्या कॉलेजच्या पोरी मुळातच उंच, त्याला कोण काय करणार?" मी हातातल्या दुधाच्या पिशव्या पायरीवर ठेवल्या आणि त्यांना चांगला अर्धा तास उभं केलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, जरा सावकाश.

मी अंबडच्या एका कारखान्यात मापं तपासते. न मोजता बोललेलं मला पटत नाही, आणि उंचीबद्दल लोक न मोजताच बोलतात.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची आहे. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या कॉलेजच्या मुलींच्या संघात खेळत होते. आमचं मैदान कधीकाळी पूर्ण होतं. मी प्रवेश घेतला तेव्हा त्याचा अर्धा भाग प्राध्यापकांच्या स्कूटरींना दिलेला होता आणि त्या टोकाला पत्र्याची शेड उभी होती. शेड बांधताना त्या बाजूचा रिंगचा खांब कापून टाकला होता, त्याचा लोखंडी बुंधा जमिनीतून वर आलेला दिसायचा. उरलेल्या अर्ध्या मैदानावर, एका रिंगवर, आमचा सगळा सराव चालायचा.

बास्केटबॉल न खेळलेल्यांसाठी सांगते. पूर्ण मैदानावर दोन टोकांना दोन रिंगा असतात. एक आपण राखायची, दुसऱ्या रिंगमध्ये चेंडू टाकायचा. एकच रिंग असली की दोन्ही बाजू तिच्यावरच खेळतात. समोरच्या बाजूचा चेंडू हिसकावला की तो बाहेरच्या रेषेपर्यंत न्यायचा, वळायचं आणि त्याच रिंगमध्ये टाकायचा. रोज संध्याकाळी आम्ही हेच करत होतो. हिसकाव, बाहेर ने, वळ, टाक.

त्या वर्षी विभागीय स्पर्धेत पहिलाच सामना नदीपलीकडच्या कॉलेजशी पडला, त्यांच्याच मैदानावर. सामन्याआधी दोन्ही संघ समोरासमोर उभे राहून हात मिळवतात. तेव्हा मी नीट पाहिलं. आमच्या पाचजणींपैकी चौघींना हात देताना मान खाली करावी लागली. ज्यांना आजही उंचीचं कारण सुचतं, ते लोक तेव्हा तिथे कडेलाच उभे होते.

आमच्यात सगळ्यांत उंच होती ती चांदवडकडची एक मुलगी. कांदा पिकवणारं घर, इथे आत्याकडे राहून शिकायची. आम्ही तिला चांदवड म्हणूनच हाक मारायचो. सामना संपत आला होता आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्यांचा एक नेम चुकला. चांदवडने आमच्या रिंगखाली उडी मारून चेंडू घेतला, रेषेपर्यंत नेला, वळली आणि आमच्याच रिंगमध्ये टाकला. लोखंडाला न शिवता आत गेला. आमच्यातल्या दोघींनी टाळ्या वाजवल्या आणि मी धावत जाऊन तिच्या पाठीवर थाप दिली. हे मी कबुली म्हणून सांगत नाही, पुरावा म्हणून सांगते. चौघी जणी एकाच क्षणी वेड्या होत नाहीत. चौघींना एकच सराव मिळालेला असतो.

मैदानाबाहेर हशा पिकला.

"ताई, फी कुठल्या कॉलेजात भरता?" एकाने विचारलं.

"असू दे रे," दुसरा म्हणाला, "पाहुण्यांनी आणलेल्याला नाही म्हणू नये."

ते दोन गुण त्यांच्या नावावर लागले आणि आम्ही एका गुणाने हरलो. परतताना सिटीबसमध्ये चांदवड खिडकीला डोकं लावून बसली होती. पंचवटी मागे पडल्यावर म्हणाली, "एकच रिंग पाह्यली जन्मात. तीच आपली वाटती, नाय का?"

"वाटणारच," मी म्हटलं.

"मंग हसत्यात कशापायी? लय नेमका बसला व्हता."

चार दिवसांनी प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. आमचे खेळाचे सर भिंतीशी उभे होते. प्राचार्य म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून मुलींचा संघ पाठवायचा नाही, असं मी ठरवतो आहे. कॉलेजचं हसं झालं. त्यांच्याशी आपली बरोबरी नाही. तिथल्या मुलींची शरीरयष्टीच वेगळी."

"सर, आम्ही त्यांच्यापेक्षा उंच आहोत," मी म्हटलं.

"म्हणजे तर अधिकच लाजिरवाणं."

पुढचं वर्ष माझं शेवटचं होतं. संघ गेला नाही तर माझा खेळ तिथेच संपणार होता. कॉलेज सोडलेल्या मुलीने कुठल्या मैदानावर जायचं, याचं उत्तर तेव्हा गावात कोणाकडे नव्हतं. बाहेर आल्यावर सर हळू आवाजात म्हणाले, "मुलींनो, माझी निवृत्ती जवळ आली आहे. मला मध्ये घेऊ नका." आम्ही त्यांना मध्ये घेतलं नाही.

त्यांच्यात आणि आमच्यात नेमका फरक काय, हे मला बघायचं होतं. एका सकाळी चांदवडला घेऊन मी नदीपलीकडच्या कॉलेजात गेले. नुकतं उजाडलं होतं. फाटक उघडं होतं. वॉचमन चहा पीत बसला होता, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कपाकडे पाहिलं. मैदानावर कॉलेजच्या मुली खेळत होत्या, पण त्यांच्यासमोर कॉलेजच्या मुली नव्हत्या. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधलेली एक बँकेतली बाई होती, एक शाळेतली शिक्षिका होती, एक परिचारिका होती आणि तिचा डबा कठड्यावर ठेवलेला होता. सगळ्या त्याच कॉलेजच्या जुन्या खेळाडू. कामावर जाण्याआधी यायच्या आणि या मुलींना धू धू धुवायच्या. कसलीही दयामाया नाही.

खेळ थांबल्यावर बँकेतल्या बाईंनी आम्हाला ओळखलं. "अगोबाई, दानशूर मंडळी आली."

चांदवड म्हणाली, "बघाया आलो. तुमचा कोच कोण हाय?"

"कोच कसला? आमच्या सरांनी वॉचमनला एवढं सांगून ठेवलंय, खेळायला येणाऱ्या बाईला ओळखपत्र विचारायचं नाही. बाकी आम्ही आहोतच." मग रुमालाने मान पुसत म्हणाल्या, "या पोरी आमच्याकडून रोज हरतात. मग तुमच्यासारख्या समोर आल्या की त्यांना सुट्टी मिळाल्यासारखं वाटतं."

टोमणा होता, पण मला जे हवं होतं ते त्यातच मिळालं. आमच्या कॉलेजात निकाल लागला की खेळाडूसाठी फाटक बंद व्हायचं. दरवर्षी नवीन मुली यायच्या, एकमेकींकडूनच शिकायच्या आणि शिकून होईपर्यंत निघून जायच्या. माझ्या आधी जी संघात होती, तिचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याकडे मोठा पैसा नव्हता, परगावचा शिक्षक नव्हता. दोन रिंगा होत्या, उघडं फाटक होतं आणि हरवणाऱ्या थोरल्या बायका होत्या. फाटकाचं आम्हाला लगेच काही करता येत नव्हतं. रिंगचं येत होतं.

जुनी रिंग जिमखान्याच्या खोलीत फाटक्या गाद्यांखाली सापडली. शेडच्या पुढच्या लोखंडी खांबाला ती तारेने बांधावी, असं बाकीच्यांचं म्हणणं होतं. पण तिथे ती हातभर खाली येत होती. मी अडून बसले. रिंग दहा फुटांवरच असते. आधी एका रिंगची सवय लागली, आता बुटक्या रिंगची लावून घ्यायची का? मुली वैतागल्या. एकजण म्हणाली, "हिला लग्नातसुद्धा आंतरपाट टेपने मोजून लागेल."

माझे वडील अंबडलाच फिटर होते. त्यांनी खेळाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. खांबाची जाडी विचारली आणि किती वर जायचं ते विचारलं. दोन पट्ट्या आणि नटबोल्ट लावलेला पाइपचा तुकडा त्यांनी करून आणला आणि रविवारी येऊन बसवून दिला. मागे फळी म्हणून मोडक्या बाकाचं फळकूट लावलं. मी टेप लावला. दहा फूट.

सोमवारी आम्ही उजाडता आलो आणि पूर्ण मैदानावर खेळलो. शेडची पुढची बाजू उघडीच होती, त्यामुळे स्कूटरी नसल्या की रिंगखाली थेट धावता यायचं. पहिल्या दिवशी दोघींनी पुन्हा चुकीच्या टोकाला नेम धरला आणि बाकीच्या तिघी ओरडल्या. तेवढ्यात सकाळच्या तासांचे प्राध्यापक यायला लागले. सात वाजले होते, आमचा खेळ साडेसातला संपायचा होता. आम्ही थांबलो नाही. स्कूटरी इंजिन चालू ठेवूनच रेषेबाहेर उभ्या राहिल्या.

"ए, बाजूला व्हा," एक सर म्हणाले. "गाड्या कुठे लावायच्या आम्ही?"

"सर, मैदान सोडून कुठेही," मी म्हटलं.

"उर्मट आहेस."

"सर, रेषा आखलेल्या आहेत. गाड्या रेषेच्या आत येतात, आम्ही बाहेर जात नाही."

प्राचार्यांना बोलावणं गेलं. ते आले, रिंगकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं. "संघ पाठवायचाच नाही म्हटल्यावर सराव कशाला?"

"सरावाला संघ पाठवावा लागत नाही, सर."

आम्हाला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम मोपेडवर बसून हे ऐकत होत्या. त्यांनी मोपेड वळवली, कुंपणाशी कडुनिंबाखाली लावली, पर्स घेतली आणि आमच्याकडे न बघता वर्गावर गेल्या. त्यांच्यामागे आणखी तिघांनी गाड्या तिथे नेल्या. बाकीचे साडेसातपर्यंत धुमसत उभे राहिले. पुढे महिनाभर रोज हेच चाललं. एकदा कोणीतरी रिंगच्या बरोबर खाली स्कूटर लावून गेलं, तर आम्ही ती उचलून सरळ बाजूला ठेवली. पाचजणींना स्कूटर जड नसते.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची प्रवेशिका भरायची वेळ आली. प्रवेशिकेवर प्राचार्यांची सही लागते, आणि सही मिळणार नाही असा निरोप खेळाच्या सरांकडून आला. घरी वडिलांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "नाही म्हणतात ना? मग नाही असं लिहून माग. तोंडी नाही म्हणायला काही लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मी आणि चांदवड प्रवेशिका घेऊन आत गेलो. मी म्हटलं, "सर, सही करायची नसेल तर हरकत नाही. मागच्या बाजूला कारण लिहून द्या, म्हणजे आम्हाला घरी दाखवता येईल."

"कारण तुम्हाला माहीत आहे."

"आमचा संघ पहिल्या फेरीत हरला म्हणून, असं लिहा. मुलांचा क्रिकेटचा संघही पहिल्या फेरीत हरला, त्यांची प्रवेशिका काल गेली. तेही सोबत लिहा."

"हरणं वेगळं, हसं होणं वेगळं."

"मग हसं झालं असं लिहा. त्या दिवशी कॉलेजात एकच रिंग होती, हेही लिहा. दुसरीच्या जागी काय होतं, तेही."

त्यांनी पेन उघडलं. चांदवड मध्येच म्हणाली, "सर, माझंच नाव लिवा ना. ह्या पोरीनं टाकला म्हणून संघ नाय, असं. मी वडलांना दाखविते. त्यायला वाचता येतं."

त्यांनी कागद उलटा केला, सरळ केला आणि सही केली. वर बघितलं नाही. "शिक्का बाहेर मारून घ्या," एवढंच म्हणाले.

आम्ही गेलो आणि पहिल्याच फेरीत हरलो, तेही सहा गुणांनी. पण सगळे गुण समोरच्या संघाने कमावले, आम्ही एकही दिला नाही. आमचं कॉलेज त्यानंतरही कधी पहिलं आलं नाही, हे मी लपवत नाही. एक कापलेला खांब दोन वर्षांत भरून निघत नाही.

फाटकासाठी मात्र मला वेळ होता. नोकरी लागली, लग्न झालं, सिडकोत राहायला गेले, नवीन शतक उजाडलं, तरी सकाळी कॉलेजात जात राहिले. पहिली दोन वर्षं वॉचमन अडवायचा. मी फाटकाबाहेर चेंडू आपटत उभी राहायचे, आतल्या मुली येऊन त्याच्याशी भांडायच्या. शेवटी त्याला कंटाळा आला. सासूबाई म्हणायच्या, "अगं, शेजारी विचारतात, सून उजाडता कुठे पळते?"

"सांगा, पोरींना हरवायला जाते."

"आणि हे सांगू कोणत्या तोंडाने?"

"ज्या तोंडाने ते विचारतात, त्याच."

चांदवडही दोन-तीन वर्षं यायची, मग तिची नोकरी ओझरला लागली. माझ्यानंतरच्या मुली मात्र येत राहिल्या. त्यांतल्या एका संघाने नदीपलीकडच्या कॉलेजला त्यांच्याच मैदानावर हरवलं. त्या संघात माझ्या खांद्याच्या वर जाणारी एकही नव्हती.

जिन्यातले शेजारी हे सगळं ऐकून म्हणाले, "बरं, मग पुतणीला कुठे घालू?"

मी म्हटलं, दोन्ही कॉलेजांत सकाळी सहाला जा. फाटक उघडं आहे का बघा, आणि आत गेल्यावर मैदानावर पस्तिशीच्या पुढच्या किती बाया खेळतायत त्या मोजा. पुतणीची उंची मोजू नका.

ते म्हणाले, "सहाला कोण उठतं?"

"मग घाला कुठेही," मी म्हटलं, आणि दूध घेऊन वर आले.