दुधाच्या पुढे चालणारी

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सोलापूरच्या प्रसूतिगृहात तिसऱ्या दिवशीही मला दूध उतरलं नव्हतं. बाळाला पाजायला घेतलं की मी सारखी वाकून थेंब शोधायची. डॉक्टरांच्या कागदावर दूध उतरवणाऱ्या औषधासाठी 'गॅलॅक्टोगॉग' हा शब्द होता, तो मी मोबाइलवर पाहिला. ग्रीकमध्ये 'गाला' म्हणजे दूध आणि 'आगोगोस' म्हणजे पुढे चालून घेऊन येणारा.

शेजारच्या खाटेवरच्या सुनेसोबत ती आली होती, सांगोल्याकडची मेंढरं राखणारी बाई. बोलताना तिची बोटं धार काढल्यासारखी पदराचा काठ ओढत.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं. मी अर्थ सांगितला.

"म्हंजी मेंढकाच की!" ती हसली. "म्होरं चालायचं, शीळ घालायची. सारकं मागं वळून बगितलं की मेंढरंबी थांबत्यात, बाई."

मग ती माझ्याकडे पाठ करून खिडकीत बसली आणि हलकी शीळ घालू लागली. मी बाळाला पदराखाली घेतलं आणि बाहेर पाहत राहिले. दुपारच्या उन्हात पांढरे ढग एकामागून एक तिच्या शिळेमागे चालले होते. किती वेळ गेला कोण जाणे. बाळ रडायचं थांबलं होतं. पदर ओला लागत होता, तरी मी खाली पाहिलं नाही.