साहेबाचा पांढरा हत्ती

हल्ली वर्तमानपत्रांत 'पांढरा हत्ती' हा शब्द शिवीसारखा वापरतात. वाचलं की माझं डोकं फिरतं. मी गिरणीत नोकरीला लागलो तेव्हा सोलापुरात पांढरा हत्ती म्हणजे इंद्राचा ऐरावत, आणि ज्याच्या दारी हत्ती झुलतो तो नशीबवान, एवढंच लोकांना ठाऊक होतं. इंग्रजीतला हत्ती आमच्या गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरने आणला आणि थेट माझ्या वडिलांच्या अंगावर सोडला.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते गिरणीच्या बांधकामांवर ओव्हरसियर होते. मी तिथल्याच कचेरीत कारकून, आणि मॅट्रिक झालेला म्हणून साहेबाचा दुभाष्या. कामगारांच्या बायका पाण्यासाठी लांब हिंडतात, म्हणून अण्णांनी साहेबाच्या हातापाया पडून चाळीपुढे एक दगडी हौद बांधून घेतला होता. चांगला ऐसपैस, चुन्याने पांढराशुभ्र केलेला. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशावरून भिंती उभ्या केल्या; हा हौद तेवढा त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेला. फक्त त्यात पाणी येईना. ज्या विहिरीवरून नळ घेतला होता, ती विहीरच आटली.

साहेब हौद पाहायला आला त्या दिवशी मी नेमका बार्शीला लग्नाला गेलेलो. साहेब हौदाभोवती फिरला, 'व्हाइट एलिफंट' म्हणाला आणि निघून गेला. अण्णांचं इंग्रजी विटा, सिमेंट आणि लेव्हल यांच्यापुरतं. पण हे दोन शब्द त्यांना येत होते. घरी आले ते पेढे घेऊनच.

"साहेबानं हौदाला ऐरावत म्हटलं," त्यांनी आईला सांगितलं. "गोरा असला तरी पुराणं वाचलीत की त्यानं."

परत आल्यावर मी सांगून पाहिलं, की अण्णा, इंग्रजीत त्याचा अर्थ निराळा आहे, बिनकामाची आणि खर्चात पाडणारी वस्तू. अण्णांनी पेढा माझ्या हातावर ठेवला.

"बिनकामाचा हत्ती बघितलास का कधी? दुसऱ्या खेपेला मॅट्रिक सुटलेल्यानं ऐरावतावर बोलू नये."

ऐरावत ढग ओढून आणतो, तेव्हा पाणी येणार हे आता साहेबानेच कबूल केलंय, असा त्यांचा हिशोब. त्यांनी एका रंगाऱ्याला धरून हौदाच्या दर्शनी भिंतीवर सोंड वर केलेला हत्ती काढून घेतला. मग व्हायचं ते झालं. चाळीतल्या बाया हळदकुंकू वाहू लागल्या, नारळ फुटू लागले. कुणी पुढ्यात ऊस ठेवी. तो सकाळी नसायचा. चाळीतली पोरं खातात हे सगळ्यांना माहीत होतं, तरी हत्ती जेवतो याचा आनंद काही कमी होईना.

"पानी कुटं आलं पण?" मी कुंभारी गावच्या एका बाईला विचारलं, तिच्याच बोलीत.

"येईल की," ती म्हणाली. "नवा हाय अजून त्यो."

आणि मग साहेबाचा हुकूम आला: हौद पाडा, दगड नव्या गोदामाला वापरा. बांधकामाचा ओव्हरसियर कोण, तर अण्णा. म्हणजे आपला हौद त्यांनीच उभं राहून पाडून घ्यायचा. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पहारी घेऊन मजूर आले, साहेबही आला. नारळाच्या करवंट्या आणि हात जोडलेल्या बाया पाहून त्याने मला विचारलं, हा काय प्रकार आहे. मी सांगितलं. तो लालबुंद झाला. "तुझ्या वडिलांना नीट समजावून सांग," म्हणाला, आणि त्याने त्या शब्दाचं मूळच सांगायला घेतलं. सयामच्या राजाकडे पांढरे हत्ती असत. राजाचा एखाद्यावर राग असला की तो त्याला असा हत्ती भेट देई. हत्तीकडून काम करून घ्यायचं नाही, नुसतं खाऊ घालायचं. त्या माणसाचं दिवाळं निघे. तसा हा हौद.

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. प्रत्येक वाक्याला अण्णांची मान खाली जात होती, आणि सांगणारा मी होतो. शेवटी अण्णांनी मान वर केली.

"त्यांना विचार, तो हत्ती जड झाला तर मारता येतो का?"

मी विचारलं.

"छे," साहेब वैतागून म्हणाला. "पवित्र मानतात त्याला. मारता येत नाही, हीच तर पंचाईत."

मी ते मराठीत सांगितलं.

"मग पोसा म्हणावं," अण्णा म्हणाले.

मी त्याचं इंग्रजी केलं, एक अक्षर गाळलं नाही. अण्णांचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता. साहेबाने हौदाकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. मग त्याने मजुरांना हातानेच परत जायला सांगितलं.

अण्णा तिथेच हौदाच्या कठड्यावर बसले आणि सगळ्यांदेखत उपरण्याने डोळे पुसू लागले.