मामा आणि सत्तर किलोंचा बारक्या

माझे निरवांगीचे मामा जगातल्या यच्चयावत जिवांना गुरं समजतात, आणि गुरांना मात्र माणसं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आमच्या कऱ्हाटीच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मामांनी मला निरवांगीला आणलं, इंदापूरच्या कॉलेजात घातलं आणि बी.ए. होईपर्यंत पोटच्या पोरासारखं सांभाळलं. आज मी हायस्कूलवर शिकवतो तो त्यांच्यामुळे. पण त्या तीन वर्षांत मला ताप आला तर मामांनी एकदाही कपाळाला हात लावला नाही. ते कान चाचपायचे. कान गरम लागला की खालची पापणी ओढून डोळा बघायचे आणि मामीला विचारायचे, "वैरण खातंय का हे?" मामी म्हणायची, "अवं, भाचा हाय तुमचा, कालवड न्हाय." मामा ओशाळायचे. "व्हय, पर नजर तशीच पडती," म्हणायचे. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला निघालो तेव्हा त्यांनी मला गुळाचा खडा दिला, तोही हाताचा तळवा सपाट करून माझ्या तोंडापुढे धरून. मी तो तसाच खाल्ला. पासही झालो.

अशा माणसाच्या दारात नऊ वर्षांपूर्वी ग्रेट डेन जातीचा कुत्रा आला. पुण्याच्या एका ओळखीच्यांनी, फ्लॅटमध्ये झेपणार नाही म्हणून, दीड महिन्याचं पिल्लू टोपलीत घालून आणून दिलं. टोपलीत मावलेलं बघून मामांनी त्याचं नाव बारक्या ठेवलं. वर्षभरात बारक्या गोठ्यातल्या वासरांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहू लागला आणि जमिनीवरचा पाय न उचलता ओट्यावरच्या परातीत तोंड घालू लागला, पण नाव तेच राहिलं. त्याचं संगोपन अर्थातच गोठ्याच्या नियमांनी झालं. सकाळी गाईंच्या धारा झाल्या की त्याला कोमट दूध, अंगावरून खरारा, गळ्यात घुंगरू. पोळ्याला शिंगं नाहीत म्हणून मामांनी त्याच्या कानांच्या टोकांना हिंगूळ लावला आणि बैलांच्या मागोमाग त्यालाही मारुतीच्या देवळाला फेरी मारून आणली. बारक्या मान ताठ ठेवून चालला. त्यालाही बहुतेक आपण बैलच आहोत असं वाटत असावं.

एवढ्या मोठ्या जातीच्या कुत्र्याला म्हातारपण लवकर येतं, हे मात्र मामांना कुणी सांगितलं नव्हतं. नवव्या वर्षी बारक्या मागच्या पायांनी लचकू लागला. उठताना आधी पुढचे पाय रोवायचा, मग मागचा भाग उचलावा की नको याचा विचार करायचा, आणि कधीकधी तो विचार रद्द करून पुन्हा बसायचा. मामांनी तिळाचं तेल चोळलं, विटेचा शेक दिला, आणि शेवटी स्वतःची गुडघ्याची गोळी भाकरीत दडवून द्यायला निघाले. मी नशिबाने तिथे होतो. बारामतीच्या जनावरांच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या आधी ओरडल्या. माणसांची गोळी कुत्र्याला घातक ठरू शकते म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "वजन किती आहे त्याचं?"

आता, मामांना वजनाची एकच रीत ठाऊक: भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन. जन्मभर उसाचं तसंच केलं. आम्ही पिकअप काढली आणि लासुर्ण्याच्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर गेलो. मी गाडी चालवत होतो, मागे बारक्या आणि त्याला धरायला मामा. भरलेलं वजन झालं. मग गाडी रिकामी करायची, तर बारक्या मामांशिवाय खाली उतरेना. म्हणून दोघेही उतरले. रिकामं वजन झालं. मी पावतीच्या मागे वजाबाकी केली, शिक्षकाच्या सवयीने दोनदा तपासली, आणि डॉक्टर मॅडमना कळवलं, "एकशे चाळीस किलो."

मॅडमनी आकडा पुन्हा विचारून घेतला.

"सर, हा कुत्रा आहे की रेडकू?"

मामांनी अभिमानाने माझ्या हातातून फोन घेतला. "मॅडम, खातं बी तसंच!"

"मामा, वजन करताना तुम्ही कुठं होतात?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी पावतीकडे बघितलं. माझं पदवीचं शिक्षण त्या क्षणी पिकअपच्या चाकाखाली गेलं. पुन्हा काटा केला तेव्हा बारक्या सत्तर किलो भरला, म्हणजे मामाही सत्तरच. पुढे बारामतीला जाऊन एक्स-रे काढला. खुब्याचे सांधे झिजले होते. मॅडम म्हणाल्या, औषध देते, पण दहा किलो उतरवा आणि गुळगुळीत फरशीवर चालवू नका.

फरशीचा बंदोबस्त मामांनी तासाभरात केला. ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे खताची रिकामी पोती धुऊन अंथरली. मामी म्हणाली, "माझ्या घराचं गोडाऊन केलं हो ह्यांनी." वजन उतरवणं मात्र अवघड गेलं, कारण घरातला प्रत्येकजण दुसऱ्याला शपथा घालत होता आणि सगळ्यात मोठा चोर खुद्द मामा होते. बंडीच्या खिशात भाकरीचा तुकडा ठेवून ते गोठ्याकडे जायचे. बारक्या लंगडत मागे. मामीने एकदा खिसा उलटा केला, तर म्हणाले, "ती माझ्यासाठी हाय." मामी म्हणाली, "खावा मग हितंच, माझ्यासमोर." मामांनी वाळली भाकरी उभ्याउभ्या चावून खाल्ली. बारक्या प्रत्येक घासाकडे बघत होता. त्यानंतर मामांनी खिसा रिकामा ठेवला, आणि तीन महिन्यांत बारक्याचे सहा किलो उतरले.

पण थंडी पडली, आणि एका सकाळी बारक्या उठलाच नाही.

इथे मला मामांच्या एका मानाबद्दल सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात कुणाची गाय-म्हैस बसली, उठेनाशी झाली, की मामांना बोलावणं येतं. ते जातात, शेपटीच्या मुळाशी हात ठेवतात, आणि "उठंल" किंवा "न्हाय" एवढा एकच शब्द बोलून परत येतात. लोक त्यावर पुढचं सगळं ठरवतात. तो शब्द खोटा पडल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या सकाळी मी पोहोचलो तेव्हा शेजारचे तात्या ओसरीत उभे होते आणि मामा बारक्याच्या डोक्याशी बसले होते. शेपटीकडे नव्हे, डोक्याशी.

तात्या मामांना म्हणाले, "आबा, हात लावून सांगा की. उठंल का न्हाय?"

"मला न्हाय कळत."

"आता काय बोलावं! तीस वरसं गावाला सांगताय."

"ती गावाची जनावरं हुती, तात्या."

तात्या ओसरीवरून खाली उतरले. चहा न घेताच गेले.

दुपारी डॉक्टर मॅडम बारामतीहून आल्या. वयाने माझ्याहून लहान असतील. त्यांनी पाय ताणून बघितले, बोटांना चिमटे काढले, इंजेक्शन दिलं. मामा टोपी हातात धरून समोर उभे राहिले. ज्या सुरात लोक त्यांना विचारतात त्याच सुरात त्यांनी विचारलं, "उठंल का, मॅडम?"

"उठेल. पायांत जाणीव आहे. पण आता मागून आधार द्यावा लागेल, कायमचा. आणि दुखणं औषधालाही ऐकेनासं झालं, तर ते माझ्यापासून लपवायचं नाही. तेव्हा त्याला सोडवायचं. कबूल?"

मामांनी बराच वेळ टोपीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "कबूल. पर मी बोलावंन तवाच या. त्याच्या आधी न्हाय."

मामीने आपलं जुनं मऊ लुगडं काढून दिलं. मामांनी त्याची चौपदरी झोळी केली आणि बसलेल्या गाईला कूस बदलून देतात तशी दर दोन-तीन तासांनी बारक्याची कूस बदलली. तिसऱ्या दिवशी तो उभा राहिला.

परवाच्या रविवारी मी निरवांगीला गेलो होतो. सकाळी मामा पोटाखालून झोळी घालून बारक्याजवळ उकिडवे बसले होते, पण ओढत नव्हते. मी म्हणालो, "मामा, उचलू का मी?"

"थांब. आधी त्याचं त्याला बघू दे."

बारक्याने दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा मामांनी झोळीला जरासा ताण दिला, इतका जरासा, की उठलो तो आपणच असं त्याला वाटावं. मग आम्ही तिघे पाटाकडे निघालो. रस्ता ओलांडताना बारक्या नेमका मधोमध थांबला. तेवढ्यात उसाची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर आला, वर मोठ्याने गाणी लावलेली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मामांनी तिकडे न बघता नुसता हात वर केला. ड्रायव्हर गावातलाच होता. त्याने आधी गाणी बंद केली, मग इंजिनही बंद केलं. रस्त्यावर एकदम शांत झालं, आणि बारक्या पुढचा पाय टाकेपर्यंत आम्ही सगळे तसेच उभे राहिलो.